घरचा डाव

माझी पहिली चाल पटावर उमटली आणि सेकंदाभरात अण्णांचं मत पडलं.

समोरच्या संघाच्या यादीत एकोणचाळीस नावं होती. अडतीस नावांपुढच्या चौकटी रिकाम्या होत्या. सकाळचे साडेआठ वाजले होते, माणसं आंघोळी आणि डबे यांत असणार. एकोणचाळिसावं नाव भूपाल मगदूम, म्हणजे अण्णा, माझे वडील. त्याच्यापुढे चाल लिहून आली होती: वजिरापुढचं प्यादं दोन घरं. अण्णा जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवला आणि टाक्यांकडे गेले. रत्नागिरीत माझं काम माशांच्या पिल्लांचं आहे. सकाळी पाण्यातला प्राणवायू मोजायचा असतो आणि तो कुणासाठी थांबत नाही. तीन टाक्यांचे आकडे लिहिल्यावर लक्षात आलं, की पहिल्या टाकीचा आकडा मी तिन्ही ठिकाणी लिहिला आहे.

मिरजेच्या आमच्या बुद्धिबळ मंडळात एक जुनी रीत आहे. सभासद वारला की वर्षाच्या आत त्याच्या घरातल्या कुणीतरी एकट्याने साऱ्या मंडळाविरुद्ध एक डाव खेळायचा. त्याला घरचा डाव म्हणतात. पांढरी मोहरी घरच्यांची. पूर्वी हा डाव मंडळाच्या खोलीत व्हायचा. एका बाजूला मुलगा किंवा बायको, समोर पंचवीस माणसं कुजबुजून एक चाल ठरवणार. खेळता येत नसलं तरी चालायचं. एकदा एका बाईंनी घोडा तिरका नेला होता आणि पंचवीस जणांपैकी कुणीही काही बोललं नव्हतं. डाव संपला की सभासदांच्या फळ्यावरचं नाव पुसायचं. तोवर माणूस सभासद. आता निम्मं मंडळ पुण्यात आणि परदेशात असतं, म्हणून हा डाव ऑनलाइन होतो. दिवसाला दोन्हीकडची एकेक चाल, मंडळाची चाल मतांनी ठरते.

अण्णांच्या बाबतीत मात्र फळ्यावर नुसतं नाव राहिलं नव्हतं.

बुद्धिबळाची नेहमीची यंत्रं सर्वांत चांगली चाल शोधतात. सावली नावाची प्रणाली तसं करत नाही. तिला एका माणसाचे हजारो डाव दाखवतात आणि प्रत्येक स्थितीत एकच प्रश्न विचारतात: इथे हा माणूस काय खेळला? उत्तर चुकलं की तिच्या आतले लाखो आकडे किंचित हलवतात. असं कोट्यवधी वेळा केलं की त्या माणसाने कधीच न पाहिलेल्या पटावरही ती त्याच्यासारखी खेळायला लागते. त्याच्या आवडत्या चाली, त्याचा हट्ट, त्याच्या चुका, सगळ्यांसकट. मात्र त्यासाठी एका माणसाचे पुष्कळ डाव लागतात, आणि साध्या खेळाडूंचे डाव कुठे लिहिलेले नसतात.

अण्णांचे होते. चौतीस वर्षं ते हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात होते. प्रत्येक फिल्मवर तारीख आणि क्रमांक घालायची सवय त्यांनी घरीही पाळली. एकोणीस वह्या, एकतीसशे डाव. ते गेले त्या आठवड्यात मंडळातल्या रेवण हुक्केरीने अण्णांची सावली घडवायला वह्या मागितल्या. रेवण संगणकाचं काम करतो, वयाने माझ्याएवढा. मी वह्या दिल्या आणि संमतीपत्रावर सही केली. त्या आठवड्यात माझ्यासमोर आलेल्या प्रत्येक कागदावर मी सही केली होती.

संक्रांतीला मिरजेला गेले तेव्हा मंडळाच्या खोलीत मुजावर चाचा एकटे बसले होते. ते निवृत्त पोस्टमास्तर, मंडळाचे सेक्रेटरी. तीस वर्षं रोज दुपारी चारला ते आणि अण्णा समोरासमोर बसत. आता समोरच्या खुर्चीवर उशी होती, उशीला टेकवलेला टॅब होता.

“ये की, बस,” चाचा म्हणाले. “ह्यो बघ तुझा बाप. परत उंट अडकवून घेतला. एवढं वय झालं, सुधारणा नाही.”

टॅबवर चाल उमटली. चाचांनी ती लाकडी पटावर आपल्या हाताने केली, दोन्हीकडची मोहरी तेच हलवत होते.

“चाचा, हे बंद करायचं म्हणते मी.”

“का गं? खायला मागतंय तुला?”

“मला बघवत नाही.”

“मग बघू नको. तू तिकडं समुद्राला, आम्ही हितं.”

“अण्णांना विचारलं होतं का कुणी?”

“विचारलं असतं तर तासभर छताकडं बघून हो म्हणाला असता.” ते हसले, मग चष्मा काढून पुसत राहिले. “आणि बंद करून मी काय करू चार वाजता? सांग की.”

मी म्हणाले, सही माझी आहे, ती मी मागे घेऊ शकते.

“घे की. कायद्यानं घे. पण घरचा डाव ऱ्हायलाय अजून. तोच ठरवू दे. तू जिंकलीस तर नाव पुसतो आणि हे पण बंद करतो, माझ्या हातानं. मंडळ जिंकलं तर ऱ्हाऊ द्यायचं.”

“मी सव्वीस वर्षांत मोहऱ्याला हात लावलेला नाही.”

“म्हणून तर म्हणालोय,” चाचा म्हणाले.

मी कबूल झाले. कायद्याने बंद केलं असतं तर चाचांच्या पुढ्यातून टॅब उचलून न्यावा लागला असता, आणि ते माझ्याने झालं नसतं. आम्हा दोघांनाही एक गोष्ट सुचली नाही. रीतीप्रमाणे घरचा डाव होईपर्यंत अण्णा सभासद होते, म्हणजे त्यांना मत होतं. हुक्केरीने यादी जशी होती तशी यंत्रणेत भरली आणि सावली अण्णांच्या नावाला जोडलेलीच होती.

पहिल्या मतानंतर मी चाचांना फोन केला.

“रीतच हाय,” ते म्हणाले. “आता मधी बदलता येत नाही.” आवाजावरून ते खूश आहेत हे कळत होतं.

पहिले पंधरा दिवस मी बऱ्यापैकी तग धरला. सतराव्या वर्षी ज्या सुरुवाती पाठ होत्या त्या हात अजून विसरला नव्हता. माझा खेळ तिथेच थांबलेला होता, जुना झाला होता, पण मोडला नव्हता. समूहाशी खेळण्यात मात्र एक जाच असतो. एकट्या माणसाचं लक्ष कधीतरी ढळतं, अडतीस जणांचं एकदम ढळत नाही. बाराव्या दिवशी माझं एक प्यादं गेलं, सोळाव्या दिवशी दुसरं. विसाव्या दिवशी त्यांचे दोन्ही हत्ती माझ्या राजाकडे तोंड करून उभे होते.

तोवर त्यांच्या मतदानाला एक वळणही लागलं होतं. सावलीचं मत सेकंदात पडायचं, म्हणून यादीत ते सर्वांत आधी दिसायचं. मंडळाचा फोनवरचा गट मलाही दिसायचा. तिथे सकाळपासून एकच विचारणा: अण्णांनी काय टाकलंय? मग कुणीतरी लिहायचं, त्यांनी टाकलंय तेच टाका, लेकीचा खेळ त्यांच्याएवढा कुणाला माहीत. पाचसहा दिवसांत अडतीस डोकी विचार करायची थांबली. समूह आता एका माणसामागे चालत होता आणि तो माणूस नव्हता.

एकविसाव्या दिवशी अण्णांचं मत आलं: कडेचं प्यादं एक घर पुढे. त्यामागे एकतीस मतं पडली.

हल्ला ऐन रंगात असताना अशी चाल कुणी करत नाही. तिने काही मिळत नाही, काही वाचत नाही, फक्त एक पाळी निघून जाते. मंडळाच्या गटात लिहिलं होतं, खोल चाल आहे, दोन दिवसांनी कळेल.

मला तेव्हाच कळली, कारण ती मी लहानपणापासून पाहत होते. आमच्याकडे जेवण दिवसाउजेडी व्हायचं. जेवणाआधी अण्णा आणि मी एक डाव खेळायचो, मी सात वर्षांची होते तेव्हापासून. पुष्कळदा ते मला अगदी भिंतीला नेऊन टेकवायचे आणि मग कडेचं प्यादं एक घर सरकवायचे. तेवढ्यात मी सावरायचे. तो मला त्यांचा कच्चेपणा वाटायचा. बारा वर्षांची असताना मी त्यांना सांगितलंही होतं, “अण्णा, तुम्ही उगाच तिथं पाळी घालवता.” त्यांनी पटाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “व्हय? लक्षात ठेवतो.”

मी हुक्केरीला फोन लावला.

“रेवण, अण्णा बाकीच्यांशी खेळताना ही चाल करायचे का? पुढे असताना?”

“थांब, बघतो.” की-बोर्डचा आवाज आला. मग तो थांबला. “बाकीच्यांशी दोन हजार डावांत सात वेळा.”

“आणि माझ्याशी?”

“तुझ्याशी अकराशे चाळीस डाव आहेत. त्यातल्या दोनशे बारा डावांत आहे. पुढे असतानाच. त्यातले सगळे तू जिंकलीस, नाहीतर बरोबरीत सोडवलेस.” मग तो म्हणाला, “त्रिशला, माझं चुकलं. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.”

“काय?”

“सावलीला समोर कोण आहे ते सांगितलेलं नसतं. तिला फक्त चाली दिसतात. पण तुझ्या चालींना एक ढब आहे, आणि ती तिने अकराशे वेळा पाहिलीय. ढब जुळली की ती त्या अकराशे डावांतल्यासारखी खेळायला लागते. आपणहून.”

“म्हणजे ती मला ओळखते.”

“ओळख आहे,” हुक्केरी म्हणाला. “ओळखणारं कुणी नाही तिथं.”

मी त्याच्याकडून दोनशे बारा डावांची यादी मागवून घेतली. तारीख, क्रमांक, कितवी चाल. ती वाचायला अर्धा तास लागला. शेवटची ओळ होती: १४ जून २०१५, चाल एकोणतिसावी.

त्या रविवारी मी सतरा वर्षांची होते. मला मत्स्यशास्त्र शिकायला रत्नागिरीला जायचं होतं. आमचं घर जैनांचं, पाणी गाळल्याशिवाय कुणी पीत नव्हतं. अण्णा ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नसत. एवढंच म्हणाले, “आपल्या घरातली पोर मासे चिरणार? लोकांना काय सांगू मी?” आई तोंड फिरवून पोळ्या लाटत होती. मी म्हणाले, एक डाव खेळू. मी जिंकले तर जाईन, हरले तर पुन्हा नाव काढणार नाही. त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग उठून पट मांडला.

एक्केचाळीस चालींत मी जिंकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी पत्र्याची ट्रंक आणली. बस्तीत दर्शनाला गेल्यावर, नातेवाइकांत, कुणी विचारलं की सांगायचे, “काय करणार, शब्द दिला होता. पोरीनं हरवलं मला.” लोक हसायचे आणि विषय मिटायचा. आईही हसली होती.

मी मात्र सव्वीस वर्षं असं धरून चालले, की त्यांनी मला अडवलं होतं आणि मी त्यांना हरवून बाहेर पडले. माझ्या सगळ्या शिक्षणाखाली, नोकरीखाली, एकटीने केलेल्या सगळ्या गोष्टींखाली हा एक डाव होता. त्यानंतर मी त्यांच्याशी कधी खेळले नाही. सुट्टीत घरी गेले की ते पट काढून ठेवत, काही न बोलता. मी म्हणे, नंतर, अण्णा. पुढचा डाव हरले तर तो जिंकलेला डाव योगायोग ठरेल अशी मला भीती होती.

यादीत त्या ओळीच्या शेजारी, एकोणतिसाव्या चालीआधी पट कसा होता तेही दिलं होतं. ते दोन प्याद्यांनी पुढे होते. आणखी चार चालींत मी संपले असते.

दुसऱ्या दिवशी हुक्केरीने फोनवर चाचांनाही घेतलं. दोष सुधारता येईल, तो म्हणाला. सावलीतून त्रिशलाविरुद्धचे अकराशे चाळीस डाव वगळायचे आणि उरलेल्यांवर ती पुन्हा घडवायची. एका संध्याकाळचं काम. मग ती सगळ्यांशी खेळते तशीच त्रिशलाशीही खेळेल, जिंकायला. मंडळ अजूनही पुढे होतं.

“म्हणजे डाव आपण काढणार?” चाचांनी विचारलं.

“काढू शकतो. दोघांची हरकत नसेल तर.”

हो म्हटलं असतं तर सावली राहिली असती, चाचांची चारची बैठक चालू राहिली असती, आणि तिच्यात मी कुठेही नसते. मला ते योग्यही वाटत होतं. माझ्याआधी चाचाच बोलले.

“रेवण, पोरीचे डाव काढल्यावर जे ऱ्हाईल ते कोण, ते सांग. मी कुणाबरोबर बसू चार वाजता?”

“चाचा, मग त्रिशला जिंकेल. मग बंद करावं लागेल.”

“कळतंय मला. पोस्टात होतो, येडा नव्हतो.” त्यांनी फोन ठेवला.

मी काय केलं ते सांगते. त्या दिवशी मला मिळालेली पाळी मी परत केली. हल्ल्यावर जाऊ शकणारा उंट मुकाट्याने घरी आणला. सेकंदात उत्तर आलं: दुसऱ्या कडेचं प्यादं एक घर. तिसऱ्या दिवशी मी घोडा नको तिथे नेला. त्यांनी राजा कोपऱ्यात नेला. चौथ्या दिवशी मी तोच घोडा मागे आणला, त्यांनी तोच राजा कोपऱ्यातून बाहेर काढला. मंडळाच्या गटात कुणीतरी विचारलं, या दोघांना झालंय काय? सावली चाचांपाशी राहावी म्हणून मी हरायचा मनापासून प्रयत्न करत होते आणि मला ते जमत नव्हतं. हरण्यात त्यांचा हात बसलेला होता, माझा नव्हता.

सहाव्या दिवशी टाकीच्या काठावर बसून मी मोबाइलवर पट उघडला आणि लक्षात आलं, की मी आज सकाळपासून या क्षणाची वाट पाहत होते. कालही पाहत होते. मी बिनकामाची चाल करायची, सेकंदात तशीच एक परत यायची. हे असं महिनोन्महिने चाललं असतं. तिला कंटाळा नव्हता, वय नव्हतं, जेवायला उठायचं नव्हतं. मी जे मागेन ते ती देत राहिली असती. पण अण्णांनी त्या रविवारी ते दिलं नव्हतं, ठरवलं होतं. बराच वेळ गप्प राहून, पट मांडून, एकोणतिसाव्या चालीला. सावली काहीच ठरवत नव्हती.

मी उंट पुन्हा बाहेर काढला, यावेळी हल्ल्यासाठी.

पाच दिवसांत पट उलटला. मंडळाने डाव सोडायला हवा होता. अडतीस जणांनी तसं मत दिलं असतं तर डाव तिथेच संपला असता. पण त्या दिवशी संध्याकाळी यादीत फक्त एक मत होतं. दुसऱ्या दिवशीही एकच. मी गट उघडून पाहिला. चाचांचा निरोप होता: आता कुणी मत टाकू नका. दोघांना खेळू द्या.

त्यानंतरचे नऊ दिवस समोर अण्णाच होते, एकटे. त्यांचा राजा हळूहळू मोकळ्या पटावरून चालत आला. दर खेपेला त्याला दोन घरं असायची आणि दर खेपेला तो माझ्या बाजूचं घर घ्यायचा. मी घाई केली नाही, उशीरही केला नाही.

शेवटची चाल मी रविवारी दुपारी केली, वजीर त्यांच्या राजाच्या शेजारच्या घरात. यंत्रणेने नेहमीप्रमाणे संघाकडे मत मागितलं. भूपाल मगदूम या नावापुढे एक सेकंद गेला, दोन गेले. मग शब्द आले: चाल उपलब्ध नाही.

फोन वाजला. चाचा होते.

“झालं?”

“झालं, चाचा.”

“मी बघतच होतो. विचारायला फोन केला एवढंच.” त्यांच्याकडे पंख्याचा आवाज येत होता. “तू हरवलंस का त्यो हरला?”

“ते हरले. मुद्दाम. त्या वेळीही हरले होते, चाचा. मी रत्नागिरीला गेले त्या वेळी.”

“ते ठाऊक हाय.”

“तुम्हाला?”

“दुसऱ्या दिवशी चार वाजता सांगितलं की त्यानं मला. म्हणाला, चाचा, काल आयुष्यातला सगळ्यात अवघड डाव खेळलो, एकदा तर पोरगी चुकतच होती, मला घाम फुटला. म्हणाला, तिला कळू द्यायचं नाही कधी. तिला जिंकून जाऊ दे.” ते थांबले. “सव्वीस वर्षं मी कुणाला बोललो नाही.”

मी टेबलाची कड धरली होती. ती सोडायला मला थोडा वेळ लागला.

“मुद्दाम हरला म्हणतीस,” चाचा हळू आवाजात म्हणाले. “मग तोच होता.”

मी त्यांना सांगू शकले असते, की तिथे कुणी नाही, आकडे आहेत. हुक्केरीने मला सांगितलं होतं ते मला पटलंही होतं. मी सांगितलं नाही.

“बंद करायचं ना, चाचा?”

“अट माझीच होती. माझ्या हातानं करतो म्हणालो होतो.” पुन्हा पंख्याचा आवाज. “नाही होत गं. तू कर.”

हुक्केरीने पाठवलेलं पान मी उघडलं. त्यावर अण्णांचं पूर्ण नाव होतं, माझं नाव होतं, नात्याच्या रकान्यात मुलगी असं लिहिलं होतं, आणि खाली एक बटण होतं.

“फोन ठेवू नका, चाचा,” मी म्हणाले.

“नाही ठेवत,” ते म्हणाले.

मी बटण दाबलं.